माप डोक्याचे, हेल्मेट मापाचे

मापातली चूक व्यापारी घराला खपत नाही. कापडाच्या दुकानात मीटर आखूड पडता कामा नये, आडतीवर काटा हलता कामा नये, सराफीत गुंजेचाही फरक पडता कामा नये, हे आपल्या घरातल्या मुलाला शाळेत नाव घालण्याआधीच कळलेले असते. साधी चप्पल घ्यायची तरी आपण ती दोन्ही पायांत घालून दुकानात चार पावले चालून पाहतो. ज्या वस्तूवर एखाद्या दिवशी जीव अवलंबून असतो ते हेल्मेट मात्र आपण मापावाचून घेतो. मी नोकरी बँकेत केली, पण जन्म व्यापारी घरातला. आणि ही चूक माझ्या हातूनही झाली. तिची किंमत माझ्या नातीने कपाळावरच्या चार टाक्यांनी चुकवली.

माझी नात बारावीनंतर नीटच्या तयारीसाठी लातूरला राहते. वसतिगृहापासून शिकवणीचे अंतर थोडे, पण दिवसातून चार खेपा. म्हणून जावयांनी तिला स्कूटर घेऊन दिली. स्कूटरबरोबर एक काळे चकचकीत हेल्मेट आले. ते तिने घातले, मी पट्टा लावायला सांगितला, तिने लावला, आणि आपले कर्तव्य संपले असे समजून मी नांदेडला परतलो. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी गतिरोधक दिसला नाही म्हणून तिने जोरात ब्रेक दाबला आणि ती पुढे फेकली गेली. हेल्मेट डोक्यावर होते, पट्टाही लावलेला होता. तरी कपाळ फुटले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, "काका, हेल्मेट होते हे खरे, पण पडताना ते मागे सरकले. कपाळ उघडेच राहिले. हे तिच्या मापाचे नाही."

घरी येऊन मी ते हेल्मेट उलटे करून पाहिले. आत एक छोटी चिठ्ठी होती आणि तिच्यावर ६०० हा आकडा होता. तो मिलिमीटरचा होता, म्हणजे साठ सेंटिमीटर घेराच्या डोक्याचे ते हेल्मेट. टेलरकडची फीत आणून नातीचे डोके मोजले, तर ते भरले चोपन्न. सहा सेंटिमीटरांचा फरक! कापडात एवढी चूक झाली असती तर गिऱ्हाइकाने ताकाच तोंडावर फेकला असता.

कोटेशनमध्ये नसलेला रकाना

त्या रात्री मला बँकेतले दिवस आठवले. दुचाकी कर्जाच्या शेकडो फायली माझ्या टेबलावरून गेल्या. प्रत्येक फायलीत विक्रेत्याचे कोटेशन असे. वाहनाची किंमत, विमा, नोंदणी, इतर सामान, सगळे रकाने भरलेले. दुचाकी विकताना तिच्याबरोबर मानकाप्रमाणे बनवलेले हेल्मेट देणे उत्पादकावर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १३८ ने बंधनकारक आहे. त्यामुळे हेल्मेट मिळत असे. पण ज्याच्या डोक्यावर ते बसायचे त्याच्या डोक्याचे माप एकाही कोटेशनवर लिहिलेले मी पाहिले नाही. ते विचारावे असे मलाही कधी सुचले नाही.

एक फाइल मात्र मनातून गेली नाही. एका तरुण कर्जदाराचे वडील मुलाचे खाते बंद करायला आले होते. त्यांनी आणलेल्या कागदांत पोलिसांचा पंचनामा होता. त्यात लिहिले होते की हेल्मेट घटनास्थळापासून काही अंतरावर पडलेले आढळले. म्हणजे मुलाने ते घातले होते. डोके रस्त्यावर आदळण्यापूर्वी ते निघून गेले होते. मी हिशेब केला, शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला. त्या एका ओळीचा अर्थ मला नातीच्या टाक्यांनंतर कळला.

हेल्मेट काम कसे करते

हेल्मेटचे बाहेरचे कवच कठीण असते, पण खरे काम आतला थर्मोकोलसारखा थर करतो. डोके आपटते तेव्हा हा थर दबतो, चुरडतो आणि धक्क्याचा मोठा भाग स्वतः सोसतो. मेंदूला थांबायला क्षणाचा काही अंश अधिक मिळतो, आणि तेवढ्यावर जीव वाचतो. हा थर डोक्याला सगळीकडून टेकलेला असला तरच हे घडते. मध्ये पोकळी असेल तर डोके आधी हेल्मेटच्या आत आपटते, आणि सैल हेल्मेट तर आपटण्यापूर्वीच फिरते किंवा निसटते.

हे ज्ञान मोठ्या किमतीने मिळालेले आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवस बेशुद्धावस्थेत राहून वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्या मृत्यूने ते अस्वस्थ झाले. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, आणि हेल्मेटचे महत्त्व सांगणारा त्यांचा लेख १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर कठीण कवच आणि आत दबणारा थर या रचनेचे पेटंट १९५३ मध्ये अमेरिकेत सी. एफ. लोम्बार्ड यांच्या नावे नोंदले गेले. आज आपण घालतो ते हेल्मेट मूलतः त्याच रचनेचे आहे.

जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या देशाचे चित्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात आहे. त्या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९ होते, आणि त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. मागच्या आसनावर बहुधा आपली पत्नी, आई किंवा मूल असते, हे इथे सांगायला हवे काय?

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ नुसार चालवणारा आणि मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना त्यातून सूट आहे, हे सचखंड हुजूर साहिबच्या नांदेडकरांना वेगळे सांगायला नको. कलम १९४ डी मध्ये एक हजार रुपये दंडाची आणि तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद आहे. पण या कायद्यातले एक वाक्य आपण वाचत नाही. हेल्मेट पट्ट्याने किंवा अन्य बंधनाने डोक्याला घट्ट बांधलेले असावे, असे तो म्हणतो. नुसते डोक्यावर ठेवलेले, हँडलला अडकवलेले किंवा कोपरात घातलेले हेल्मेट कायद्याच्या लेखी हेल्मेट नाही.

आधी फीत, मग बाजार

खरेदीला निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक दुचाकीस्वाराचे डोके मोजावे. शिवणकामाची मऊ फीत भुवयांच्या वर साधारण एक इंचावरून, कानांच्या किंचित वरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी. तीन वेळा मोजावे आणि सर्वांत मोठा आकडा धरावा. तो वहीत लिहून ठेवावा. आमच्या घरी बाहेरच्या खोलीतील दिनदर्शिकेच्या मागे आता पाच नावे आणि पाच आकडे लिहिलेले आहेत.

हेल्मेटवरची इंग्रजी अक्षरे फसवी असतात. साधारणपणे ५४ ते ५६ सेंटिमीटर म्हणजे लहान, ५७-५८ मध्यम, ५९-६० मोठे असे धरले जाते. पण एका कंपनीचे ५८ मध्यम असते, तर दुसरीचे मोठे. म्हणून दुकानात अक्षर न मागता आकडा मागावा. आकड्याइतकाच डोक्याचा आकारही पाहावा लागतो. कोणाचे डोके गोल असते, कोणाचे लांबट. घेर बरोबर असूनही हेल्मेट कपाळावर रुतते आणि कानशिलांवर सैल राहते, तेव्हा ते त्या आकाराच्या डोक्यासाठी नाही असे समजावे आणि दुसऱ्या बनावटीचे घालून पाहावे.

नांदेड ते लातूर

नातीचा आकडा कागदावर लिहून मी आधी नांदेडच्या वजिराबाद भागात हिंडलो. पहिल्याच दुकानदाराने सांगितले, "साहेब, फ्री साइज आहे, सगळ्यांना बसते." दुसऱ्याने काढून दाखवलेली सर्व हेल्मेटे ५८० आणि ६०० ची होती. तिसरा म्हणाला, "थोडे मोठेच घ्या. पुढे उपयोगी पडेल." शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो, हे मला मान्य आहे. पण अठरा वर्षांच्या मुलीचे डोके आणखी सहा सेंटिमीटर वाढणार नाही.

मग लातूरला गेलो. गंजगोलाईतून निघणाऱ्या सोळा रस्त्यांवर काय मिळत नाही? तरीही ५४० चे हेल्मेट दोन दिवसांत सापडले नाही. शेवटी एका तरुण दुकानदाराने दुकानाच्या पायरीवर बसवून मला खरी अडचण सांगितली. तो म्हणाला, "आजोबा, लहान माप मागवले तर पडून राहते. गिऱ्हाईक माप विचारतच नाही. रंग विचारते, काच विचारते, भाव विचारते." मी व्यापाऱ्याच्या घरात वाढलो आहे, त्याचे म्हणणे मला पटले. मागणी नाही म्हणून माल नाही, आणि माल नाही म्हणून मागणी नाही. हे चक्र गिऱ्हाइकानेच तोडायचे असते.

दुकानात घालून पाहताना

योग्य हेल्मेट पहिल्यांदा घालताना थोडे घट्टच वाटते. आतली गादी वापराने बसते. आरामात डोक्यात शिरणारे हेल्मेट बहुधा सैल असते. ते घातल्यावर पुढची कडा भुवयांच्या वर सुमारे दोन बोटे असावी. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवावे. कपाळाची कातडी आणि गाल त्याच्याबरोबर हलले तर माप योग्य. हेल्मेट एकटेच फिरले तर ते खाली ठेवावे. गालाच्या गाद्या गालांना टेकलेल्या असाव्यात. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एक-दोन बोटांपेक्षा अधिक जागा उरू नये.

यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. पट्टा लावलेला असताना मागची खालची कडा धरून हेल्मेट पुढच्या बाजूला उचलावे, आणि मग पुढची कडा धरून मागे ढकलावे. ते निघाले किंवा कपाळ उघडे पडले, तर फुकट मिळाले तरी घेऊ नये. आमच्या जुन्या हेल्मेटवर मी हीच परीक्षा केली. एका बोटाने ते नातीच्या मानेवर गेले.

सगळे जमले तर ते डोक्यावर ठेवूनच दुकानात दहा-पंधरा मिनिटे थांबावे. काढल्यावर कपाळावर एका ठिकाणी लाल ठसा उमटला असेल आणि तिथे दुखत असेल, तर आकार जुळत नाही. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासह घालून पाहावे. वरचा अंबाडा हेल्मेट उचलून धरतो, म्हणून भगिनींनी प्रवासात खाली वेणी घालावी. उन्हासाठी ओढणी किंवा स्कार्फ बांधायचा असेल तर तो पातळ असावा, गाठ मागे येऊ नये, आणि हेल्मेटही तो बांधूनच घालून पाहावे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हेल्मेट नकोसे होते, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी फिकट रंगाचे, हवेची छिद्रे असलेले आणि आतले अस्तर काढून धुता येणारे हेल्मेट निवडावे. सैल हेल्मेट थंड असते हा मात्र भ्रम आहे. अस्तर आणि पट्टा चामड्याचा नको असेल तर तसे स्पष्ट विचारावे. कृत्रिम कापडाचे अस्तर असलेली भरपूर हेल्मेटे मिळतात.

चिन्हाची खात्री मापाइतकीच आवश्यक आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना दुचाकीस्वाराचे हेल्मेट बनवता किंवा विकता येत नाही. चिन्हावर आयएस ४१५१ हा मानक क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक मोबाइलवर 'बीआयएस केअर' या अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते समजते. रस्त्याकडेच्या ढिगातल्या स्वस्त टोपल्यांवरही चिन्ह चिकटवलेले असू शकते. क्रमांक तपासल्यावरच खरे-खोटे कळते.

लहान मुलांसाठी वेगळा विचार करावा. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचे हेल्मेट, चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नसलेला वेग, हे नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. मोठ्यांचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे त्याच्या कोवळ्या मानेवर ओझे ठेवणे होय.

घरबसल्या मागवताना

लहान किंवा फार मोठे माप गावात मिळत नसेल, तर ऑनलाइन खरेदीचा मार्ग आहे. मीही तो चोखाळला. तिथे काही पथ्ये पाळावीत. त्या कंपनीचा, त्याच प्रकारच्या हेल्मेटचा मापतक्ता पाहावा. सर्वसाधारण तक्त्यावर विसंबू नये. विकणारा कोण आहे आणि माप न जुळल्यास बदलून किंवा परत घेण्याची मुदत किती, हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे. खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. चिठ्ठ्या, आवरण आणि काचेवरचा पापुद्रा न काढता घरातच घालून वरच्या सर्व परीक्षा कराव्यात. एकदा बाहेर वापरले की परत करणे अवघड. परवाना क्रमांक इथेही तपासावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये आयएसआय चिन्ह नसलेल्या हेल्मेटांबाबत ग्राहकांना जाहीर सावध केले होते, हे लक्षात ठेवावे.

मी मागवलेले ५४० चे हेल्मेट घेराने बरोबर होते, पण नातीच्या कानशिलांवर रुतले. मुदतीत परत केले. त्यानंतर लातूरच्या त्या तरुण दुकानदाराने स्वतःहून फोन केला. त्याने आपल्या घाऊक व्यापाऱ्याकडून वेगवेगळ्या बनावटींची ५४० ची तीन हेल्मेटे मागवली होती. त्यांतले दुसरे नातीला असे बसले, की डोके हलवले तर तेही हलले. दोन्ही कडा धरून ओढून पाहिले, ते जागचे हलले नाही. उरलेली दोन्हीही त्याने पुढे शिकवणीच्या मुलींना विकली, असे तो सांगत होता. आता तो लहान मापे ठेवतो आणि काउंटरवर फीतही ठेवतो.

एक शेवटची गोष्ट

जुन्या हेल्मेटचे काय करायचे, हा प्रश्न घरात निघाला. वरून त्यावर दोन ओरखडे होते, बाकी ते नव्यासारखे दिसत होते. जावई म्हणाले, "टाकायचे कशाला? दुकानातल्या पोऱ्याला देऊन टाकू." त्यांचा हेतू वाईट नव्हता. वस्तू वाया जाऊ देऊ नये, हा आपला संस्कारच आहे. पण एकदा आपटलेल्या हेल्मेटचा आतला थर दबलेला असतो. तो बाहेरून दिसत नाही आणि पुन्हा उभारत नाही. जे आपल्या नातीला चालत नाही ते दुसऱ्याच्या मुलाला कसे चालेल? मी करवतीने त्याचे दोन तुकडे केले आणि मगच भंगारात दिले. दुकानातल्या त्या मुलाचे डोके मोजले, ते सत्तावन्न भरले. त्याच्यासाठी त्या मापाचे नवे हेल्मेट आणले.

समाजाच्या कार्यक्रमांत प्रभावना किंवा भेट म्हणून हेल्मेटे वाटण्याची पद्धत आता रूढ होत आहे. हेतू स्तुत्य आहे. आयोजकांना माझी एकच विनंती आहे. एकाच मापाची शंभर हेल्मेटे मागवण्याऐवजी नावनोंदणीच्या वेळीच प्रत्येकाच्या डोक्याचा आकडा लिहून घ्यावा. शंभर फिती लागत नाहीत, एक पुरते. आपली हिशेबाची वही मापावर चालते, तशीच ही भेटही मापावर द्यावी.

परवा नात नांदेडला आली होती. कपाळावरचा व्रण आता केसांत लपतो. दारात स्कूटर लावून तिने पट्टा सोडला, हेल्मेट आरशाला न अडकवता हातात घेतले आणि म्हणाली, "आजोबा, आजीचे माप घेतले का?" दिनदर्शिकेच्या मागे पाच नावे होती, आजीचे त्यांत नव्हते. ती चालवत नाही, मागे बसते, म्हणून मी ते धरलेच नव्हते. मी उठून फीत आणली.